पाव्हना

आमच्या मळ्यात विहिरीच्या काठाशी गुरांना पाणी पाजण्याची एक जुनी दगडी डोण पालथी पडलेली आहे. गोठ्यात सिमेंटची टाकी आली तेव्हापासून तिला काही काम उरले नव्हते. कपाशी वेचणाऱ्या बाया दुपारी भाकरी खायला तिच्यावर टेकत, एवढाच तिचा उपयोग. सहा वर्षांपूर्वी मी तिला पुन्हा कामाला लावले. घोड्यावर चढताना त्याच्या पाठीला एका बाजूने हिसका बसू नये म्हणून दीडदोन फूट उंचीचा ओटा लागतो, आणि डोणीची उंची नेमकी तेवढी भरली. पहिल्या सकाळी मी तिच्यावर उभा राहिलो, मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या गड्याने, घोडा शेजारी आणून लावला, मी डावा पाय रिकिबीत घातला आणि घोडा चालू लागला. एक पाय रिकिबीत, एक पाय डोणीवर आणि दोहोंमधले अंतर वाढत चाललेले, अशा अवस्थेत माणूस फार काळ राहू शकत नाही. मी ओल्या शेणात बसलो. आईने विहिरीवरून ते पाहिले आणि काही न बोलता कळशी उचलून ती घरात गेली.

घोडा बेशिस्त आहे, असे मला त्या दिवशी वाटले. हा समज पुरता निघून जायला दोन वर्षे लागली आणि खांद्याजवळचे एक हाड मोडावे लागले.

तो कुमैत रंगाचा, म्हणजे तांबूस तपकिरी अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, थरोब्रेड आहे. उंची १६ हात, म्हणजे घोड्यांच्या मापाने ६४ इंच, आणि ती डोक्यापर्यंत नव्हे तर वशिंडाच्या जागी मोजायची. शर्यतीतले त्याचे नाव इंग्रजी आणि भारदस्त होते. घरी आल्यावर त्याच्या लांब पायांकडे आणि ताठ मानेकडे बघून आई म्हणाली, ‘हाऊ पाव्हना कितला दिन राही?’ तेव्हापासून तो पाव्हना झाला. अहिराणीत ‘ण’ला जागा नाही, म्हणून पाहुणा नव्हे, पाव्हना.

आमच्या भागात घोड्याचे अप्रूप नाही. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो, आणि शहादा-दोंडाईच्याकडच्या माणसाला घोड्याचे दात बघून वय सांगणे, भोवरे बघून शुभाशुभ ठरवणे आणि कान बघून मारवाडी की काठेवाडी हे ओळखणे शिकवावे लागत नाही. पण ती सारी परीक्षा वेगळ्या घोड्याची. आमच्याकडचा रसिक घोड्याच्या मानेचा बाक बघतो, रवाल चालीत पाठीवरचा पेला हिंदकळतो का ते बघतो, ढोल वाजला की तो नाचतो का ते बघतो. पाव्हन्याचे कान सरळ, मान लांब आणि सपाट, पोट आत गेलेले आणि चाल अशी की वर बसलेल्याच्या हातातला पेलाच काय, दातही हिंदकळावेत. ‘एवढे पैसे मोजून हा उपाशी घोडा आणलास?’ असे मला पहिल्या आठवड्यात निदान दहा जणांनी विचारले.

तो उपाशी नव्हता; तो शर्यतीच्या अंगाचा होता. थरोब्रेड ही जात वेगासाठीच घडवलेली आहे. जगातल्या कोणत्याही थरोब्रेडची बापाकडची वंशावळ मागे नेत गेले की ती बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तिघांपैकी एकाशी जाऊन थांबते, आणि हे तिघेही १७ व्या शतकाच्या अखेरीपासून १८ व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात नेलेले पूर्वेकडचे घोडे. या जातीचे शिंगरू दोन वर्षांचे होते न होते तोच धावपट्टीवर येते. हाडे अजून पक्की होत असतात, पण शर्यतीचे पंचांग थांबत नाही: मुंबईला महालक्ष्मीवर हिवाळ्यात हंगाम, पावसाळा लागला की पुण्याला हंगाम. पाव्हन्याने चार वर्षे ही ये-जा केली. १९४३ पासून महालक्ष्मीवर होणाऱ्या इंडियन डर्बीचे अंतर २४०० मीटर आहे. असल्या मोठ्या शर्यतीच्या आसपासही तो कधी फिरकला नाही. छोट्या अंतराच्या, खालच्या वर्गाच्या शर्यतींत तो पळायचा आणि चौथापाचवा यायचा. त्याला दुखापत झालेली नव्हती. पुढच्या पायांच्या कंडरा, ज्यांना मोतद्दार सरसकट नस म्हणतात, मी सोनोग्राफी करून बघून घेतल्या. त्या स्वच्छ होत्या. तो फक्त हरत होता, आणि हरणाऱ्या घोड्याचा खुराक जिंकणाऱ्याइतकाच असतो.

मी स्वतः केळी आणि कपाशीचा शेतकरी. पुण्यात शिकायला असताना चार वर्षे सकाळी घोडेस्वारी शिकलो, गावी परतल्यावर ती सुटली आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर अचानक पुन्हा आठवली. तेव्हापासून डोक्यात इव्हेंटिंग होते. हा खेळ मुळात घोडदळाची परीक्षा. एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने तीन कामे करून दाखवायची: आखलेल्या चौकोनात संथ, रेखीव चालींचे ड्रेसाज, मग मोकळ्या रानात ओंडके, चर, पाणी ओलांडत जाणारी क्रॉसकंट्री, आणि शेवटी मैदानात रंगीत दांड्यांवरून उड्या. संचलनात शोभणारा, मोहिमेत टिकणारा आणि मोहिमेनंतरही कामाला येणारा घोडा कोणता, हे त्यातून कळावे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. सुरुवातीची अनेक वर्षे त्यात प्रामुख्याने लष्करी अधिकारीच उतरत. आपल्याकडेही १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग लष्करातलेच होते. २०१८ ला जकार्त्यात फवाद मिर्झाने रौप्य मिळवले तेव्हा कुठे नागरी स्वाराचे नाव घराघरात पोहोचले. घराघरात म्हणजे अर्थात घोडेवाल्यांच्या घराघरात. आमच्या गावात ती बातमी मी एकट्यानेच वाचली असावी.

हौशी पातळीवर या खेळातल्या उड्या ८० सेंटिमीटरच्या असतात, पाव्हन्याच्या उंचीच्या जेमतेम निम्म्या. त्याला त्या जड जाणार नव्हत्या. जड जाणार होते ते उडीच्या आधीचे आणि नंतरचे.

एप्रिलच्या शेवटी रात्रीचा प्रवास करून ट्रक आला. खानदेशातला एप्रिल-मे म्हणजे पारा ४४-४५ वर, आणि वारा असा की तोंडावर तव्याची वाफ यावी. मी चार महिने त्याच्यावर बसायचे नाही असे ठरवले होते. शर्यतीतून निघालेल्या घोड्याला अंग आणि डोके दोन्ही उतरू द्यावे लागते. धावपट्टीवर त्याचा दिवस घड्याळाने बांधलेला असतो: पहाटे काम, मग खरारा, मग दाणा, मग बावीस तास बंद ठाण. इथे मी त्याला निंबाच्या सावलीत तारेच्या कुंपणाचा एक एकर मोकळा सोडला. पहिले दोन दिवस तो कुंपणाला लागून येरझारा घालत होता, जणू कोणी तरी येऊन पुढचे सांगेल याची वाट बघत होता. तिसऱ्या दिवशी तो धुळीत लोळला. घोडा लोळणे ही साधी गोष्ट आहे, पण त्या दिवशी मोतद्दाराने मला मळ्यातून हाक मारून बोलावून घेतले आणि आम्ही दोघे कुंपणाशी उभे राहून ते बघत राहिलो. आधी पुढचे गुडघे वाकले, मग तो धपकन कुशीवर पडला, चारही पाय आभाळाकडे करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि उठून त्याने अंग असे झाडले की काळ्या धुळीचा ढग आमच्यावर आला.

खुराकाचे गणित मला मुळापासून मांडावे लागले. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, पोट भरलेले असो वा नसो. गवत चघळताना सुटणारी लाळ ते आम्ल बोथट करते. पण शर्यतीच्या घोड्याला गवत थोडे आणि ओट-चण्याचा दाणा भरपूर असतो, त्यामुळे त्यांच्यातल्या बहुतेकांच्या जठरात व्रण असतात. पाव्हन्यालाही होते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेले की तो दात काढायचा, आणि मी त्याला खवचट समजत होतो. पशुवैद्यांनी महिनाभर ओमेप्राझोल दिले, दाणा निम्म्यावर आणला आणि समोर सदैव काही तरी चारा असू दे असे बजावले. मग मारवेल, लसूणघास, भुईमुगाचा पाला, ज्वारीचा कडबा असा त्याचा दिवसभराचा रवंथ सुरू झाला; रवंथ हा शब्द घोड्याला लागू नाही हे मला ठाऊक आहे, पण चित्र तेच. शेजारचे आप्पा बैलांच्या हिशोबाने सरकीची पेंड घाल म्हणून मागे लागले होते. घोड्याला ती मानवत नाही हे त्यांना पटले नाही. कोवळी ज्वारी मात्र कोणत्याच जनावरापुढे टाकायची नाही यावर आमचे एकमत होते. दीड महिन्याने मी तंग आवळला तेव्हा तो फक्त मान वळवून बघत राहिला.

पोळ्यानंतर मी कामाला लागलो आणि तिथे डोणीचा प्रसंग घडला. त्याचे कारण मला मोतद्दाराने सांगितले, कारण तो स्वतः काही वर्षे रेसच्या पागेत होता. जॉकी ओट्यावरून चढत नाही. घोडा चालता ठेवतात, कोणी तरी जॉकीचा डावा गुडघा धरून त्याला वर फेकतो आणि तो पिसासारखा खोगिरावर पडतो. घोड्याची पावले थांबतसुद्धा नाहीत. पाठीवर वजन आले की चालायचे, हे पाव्हना शेकडो वेळा शिकला होता आणि त्याने माझ्यापुढे तो धडा बिनचूक म्हणून दाखवला होता. डोणीशी उभे राहायला त्याला १९ दिवस लागले. रोज मी डोणीवर उभा राहायचो, त्याच्या पाठीवर हात ठेवायचो आणि तो हलला नाही तर गाजराचा तुकडा. मग दोन्ही हात. मग पोटावर आडवा. मग पाय टाकून बसणे आणि काहीच न करणे. गाजरे त्या दिवसांत घरी भाजीला उरत नव्हती.

याच सुमारास मी मैदान केले. ड्रेसाजचा छोटा चौकोन २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असतो. आमची जमीन काळी, कसदार. केळीला सोन्यासारखी आणि घोड्याला वैरीण. पावसात ती खुराला अशी चिकटते की पाय उपसताना नाल मागे राहतो, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; धावत्या घोड्याचा पाय त्यात गेला तर खेळ संपला. म्हणून मुरूम टाकून वर वाळू. ८०० चौरस मीटरवर १० सेंटिमीटर वाळू म्हणजे सुमारे २८ ब्रास, आणि अलीकडे खानदेशात वाळूचा भाव विचारणे म्हणजे सोनाराच्या दुकानात शिरण्यासारखे आहे. मी निम्मी वाळू आणि निम्मी खडी क्रशरची कच घातली. चौकोनाच्या कडेला ए, के, ई, एच अशी अक्षरे लागतात. ती मी तेलाच्या रिकाम्या डब्यांवर रंगवली. पहिल्या आठवड्यात पाव्हन्याला एकही अक्षर पसंत नव्हते आणि ‘बी’ तर अजूनही नाही, कारण तो डबा वाऱ्याने वाजतो.

उजव्या हाताला तो सुरेख वळायचा, डावीकडे मात्र फळीसारखा. दौडीत घोड्याचा एक पुढचा पाय दुसऱ्याच्या पुढे पडत असतो, आणि वळायचे त्या बाजूचा पाय पुढे असेल तर तोल राहतो. एका दिशेच्या धावपट्टीवर वर्षे काढलेल्या घोड्याच्या अंगाची एक बाजू पैलवान आणि एक बाजू पोरकी असते. त्याला इलाज फक्त मोठी वर्तुळे, जमिनीवर चार-साडेचार फुटांवर ठेवलेल्या दांड्या आणि महिने. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही. ते काम करताना जितके कंटाळवाणे होते तितकेच वाचायलाही होईल.

खरी गाठ लगामाची होती. चालीत आणि दुडकीत तो बरा असायचा, पण कँटरला, म्हणजे दुडकीच्या पुढच्या संथ दौडीला, निघाला की मान पुढे काढून लगामावर रेलायचा आणि वेग वाढवत न्यायचा. मी लगाम ओढायचो. तो आणखी रेलायचा. मी आणखी ओढायचो. मैदानाला कुंपण होते म्हणून हे चालून गेले. मग नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी त्याला पाटचारीच्या रस्त्याने बाहेर काढले. मागून दोन पोरे मोटारसायकलवर आली आणि शेजारून पुढे गेली. शेजारून काही तरी पुढे गेले, एवढेच पाव्हन्याने पाहिले. त्याचे अंग माझ्याखाली अचानक लांब आणि बुटके झाले, जणू कोणी दोरी ताणली. मी सगळ्या ताकदीने लगाम खेचला आणि तो भरधाव सुटला. जितका मी खेचत होतो तितका तो पळत होता. त्या अर्ध्या मिनिटात मला कळलेली ही एकच गोष्ट, आणि ती कळून काही उपयोग नव्हता. वळणावर तो पाटाच्या कडेने वळला आणि मी केळीच्या बागेत सरळ गेलो. खांद्याखाली ठिबकची नळी होती आणि मोडलेले हाड होते. घोडा मोटारसायकलच्या पुढे शंभर पावलांवर जाऊन आपणहून थांबला होता. पोरे त्याला धरून घेऊन आली. त्यांतला एक म्हणाला, ‘काका, घोडाच जिंकला.’

हात गळ्यात बांधून सहा आठवडे मी ओट्यावर बसून होतो. आप्पा रोज चहाला यायचे. त्यांनी आयुष्यभर बैल शिकवले. गोऱ्ह्याला नांगराची सवय लावताना त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. घोड्यावर ते कधी बसले नाहीत आणि बसण्याची इच्छाही नव्हती. मी माझे गाऱ्हाणे दहाव्यांदा सांगितले तेव्हा बशीतला चहा संपवून ते म्हणाले, ‘घोडाले घाई नही, तुले घाई शे.’ मला राग आला. पडलेला मी, आणि घाई माझी?

पण दुसरे काही करता येत नव्हते, म्हणून मोबाइलवर जुन्या शर्यती बघत बसायचो, आणि एके दुपारी मी शर्यत संपल्यानंतरचा भाग बघितला, जो एरवी कोणी बघत नाही. घोडे अंतिम खांब ओलांडतात, जॉकी रिकिबीत उभे राहतात, हात सैल सोडतात, आणि घोडे हळूहळू उतरतात. मी तो भाग पुन्हा लावला, मग दुसऱ्या शर्यतीचा, मग तिसऱ्या. शर्यतीत जॉकी लगाम आखूड करून घट्ट धरतो, घोडा त्यावर मानेचा भार टाकतो आणि त्या आधारावर पळतो. लगाम घट्ट म्हणजे शर्यत चालू आहे. लगाम सैल म्हणजे संपली. पाटचारीवर मी त्या घोड्याला त्याच्या भाषेत, दोन्ही हातांनी, जीव तोडून ‘पळ’ म्हणून सांगत होतो, आणि त्याने माझे ऐकले होते.

डोण, तंग, लगाम या तिन्ही ठिकाणी मी ज्याला खोड म्हणालो ती आज्ञाधारकता होती, किंवा दुखणे. आमच्या घरात असेच एक जुने उदाहरण आहे. माझी पुण्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा आई अहिराणीत बोलायची आणि ही प्रमाण मराठीत उत्तर द्यायची. दोघींना वाटायचे दुसरी मुद्दाम वाकडे बोलते आहे. शब्द बरेचसे तेच, मोजमाप वेगळे. तिथेही कुणी कुणाला नवे काही शिकवले नाही. दोघींनी एकमेकींच्या शब्दांचे अर्थ हळूहळू बदलून घेतले, आणि त्याला चार महिन्यांहून बराच जास्त वेळ लागला.

हाड जुळल्यावर मी चालीपासून सुरुवात केली. दहा पावले चालायचे, श्वास सोडत खोगिरात खोल बसायचे, बोटे क्षणभर मिटायची आणि घोड्याने विचार जरी केला तरी बोटे उघडायची. थांबल्यावर नव्हे, थांबावे का असा विचार त्याच्या कानांत दिसला की. दाब दिल्याने घोडा शिकत नाही, दाब नेमका केव्हा सुटला यावरून शिकतो, आणि तो क्षण स्वाराकडून हुकला की धडा उलटा बसतो. माझ्याकडून तो शेकडो वेळा हुकला. मोजायची सवय लागल्यामुळे मला माहीत आहे की त्या हिवाळ्यात आम्ही रोज सरासरी ४० वेळा थांबत होतो. बघणाऱ्याला ते अत्यंत हास्यास्पद दिसत असणार: शर्यतीचा घोडा, हेल्मेट घातलेला माणूस, आणि दर दहा पावलांना मुक्काम.

उड्या त्यामानाने सोप्या गेल्या. केळीला टेकू द्यायचे बांबू, डांबराचे रिकामे पिंप, बाभळीचा एक जाड ओंडका, आणि तापीच्या दिशेला जिथे पावसाने जमीन चिरून घळी पाडल्या आहेत तिथले चढउतार, एवढे साहित्य आमच्याकडे निसर्गाने आणि शेतीने दिलेलेच होते. दांडी खाली पडते हे पाव्हन्याला लवकर कळले. ओंडका पडत नाही हे त्याला गुडघा खरचटून घेऊन कळले, आणि त्यानंतर तो ओंडक्यावरून भिंत असल्यासारखी उडी मारू लागला. चराची मात्र त्याला भीती होती. काळी, खोल, सावली भरलेली चिरी; धावपट्टीवर जमीन कधी फाटलेली नसते.

पहिली स्पर्धा तिसऱ्या वर्षी, पुण्याजवळ, हौशी स्वारांसाठी. ड्रेसाजमध्ये आत येऊन चौकोनाच्या मध्यावर थांबायचे, परीक्षकाला सलाम करायचा आणि निघायचे. सलाम करताना उजवा हात लगाम सोडतो, म्हणजे घोडा सर्वस्वी त्याच्या मर्जीने उभा असतो. पाव्हना उभा राहिला. चारही पाय चौकोनी, कान माझ्याकडे. कागदावर त्या थांबण्याला दहापैकी ७ होते. पुढच्या डाव्या वर्तुळाला ४, आणि शेजारी ‘ताठर’ अशा अर्थाचा शेरा, जो खरा होता.

क्रॉसकंट्रीची सुरुवात एका तीन बाजूंनी बंद चौकटीतून होते, आणि तिथे माझे धैर्य सुटले, कारण चौकट, उलटी मोजणी आणि समोर मोकळे रान हे सगळे त्याच्या जुन्या आयुष्यातून उचलून आणल्यासारखे होते. पोटऱ्यांना त्याचे हृदय जाणवत होते; खोगिराच्या कातड्यातून, बुटांतून, धडधड. पाच, चार, तीन म्हणेपर्यंत तो मागच्या पायांवर बसल्यासारखा झाला आणि ‘निघा’ म्हणताच सुटला. पहिला ओंडका आम्ही पाहिला की नाही मला आठवत नाही. दुसऱ्यानंतर माझे हात आपोआप आखूड झाले, खांदे मागे गेले, मी ओढू लागलो. आणि त्याची मान पुढे आली, तीच ती पाटचारीची मान. तेव्हा कुठे मला माझे हात दिसले. मी ताठ बसलो, श्वास सोडला आणि लगाम दोन बोटे पुढे दिला. भरधाव घोड्यावर लगाम सैल सोडणे हे अंगातला प्रत्येक स्नायू नाही म्हणत असताना करायचे काम आहे. चार टापा काही झाले नाही. पाचव्या-सहाव्या टापेला त्याचा एक कान मागे वळला.

चरापाशी तो थांबला. मी चरात खाली बघितले, म्हणून तो थांबला. स्वार जिथे बघतो तिथे त्याचे वजन जाते आणि घोडा ते वजन वाचतो. पहिल्या नकाराचे २० दंडगुण. दुसऱ्या वेळी मी पलीकडच्या बाभळीकडे बघितले आणि तो एखाद्या बकरीसारखा चारही पायांनी उडून पलीकडे गेला. वेळेचेही दंड झाले, दुसऱ्या दिवशी मैदानातल्या उड्यांत एक दांडी पडली, तिचे ४. आम्ही शेवटून तिसरे आलो. परतीच्या ट्रकमध्ये मी त्याच्या शेजारी पेंढ्यावर झोपलो आणि धुळे येईपर्यंत उठलो नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही त्याला सारंगखेड्याला नेले, विकायला नव्हे, गर्दीची सवय व्हावी म्हणून. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागद सोबत होता. ढोल, भोंगे, भजी तळल्याचा वास, धूळ, आणि दोन्ही बाजूंना गोंडे लावलेले, मेंदी लावलेले, शेकड्यांनी घोडे. मैदानाच्या त्या टोकाला कोणी तरी आपला घोडा पळवून दाखवत होते. टापांचा आवाज आला तशी पाव्हन्याची मान वर गेली, नाकपुड्या फुगल्या आणि त्याचे सगळे अंग त्या आवाजाकडे वळून थरथरले. मी दोरी सैल धरून उभा होतो. तो दोन पावले गेला, आणि मग माझ्याकडे बघून थांबला.

तेवढ्यात पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा व्यापारी आला. त्याने न विचारता ओठ वर करून दात बघितले, पुढच्या पायांवरून हात फिरवला, भोवरे शोधले.

‘नाचस का?’

‘नाही, बाबा.’

‘पळस का?’

‘पळायचा. आता नाही.’

‘मंग काय करस?’

मी जरा विचार केला. ड्रेसाज, क्रॉसकंट्री हे सगळे सांगण्यात अर्थ नव्हता. ‘उभा राहतो,’ मी म्हणालो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितले, मग पुन्हा घोड्याकडे. ढोल अगदी जवळ वाजत होता आणि पाव्हना त्याच्या मळक्या सदऱ्याच्या खिशात नाक घालून गूळ आहे का ते बघत होता. म्हाताऱ्याने खिशातून गुळाचा खडा काढला, तळहातावर ठेवून त्याला दिला, हात धोतराला पुसले आणि तो पलीकडच्या पांढऱ्याशुभ्र नुकऱ्या घोड्याची किंमत विचारायला निघून गेला.